सेन्सर बदलायच्या आधी मीटर लावा: छोट्या एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) इंजिनाचे सेन्सर घरी कसे तपासायचे

मागच्या पावसाळ्यात माझी १२५ सीसी स्कूटर पुण्याच्या जुन्या कात्रज घाटात दम टाकायला लागली. स्वारगेट ते कात्रज काहीच त्रास नाही, पण चढ सुरू झाला की ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी उचलायची नाही आणि चेक इंजिनची पिवळी लाइट लागायची. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, लगेच सेन्सर बदलला. चार दिवस ऊन होतं तोवर गाडी बरी चालली, मग पाऊस आला आणि परत तेच. मग म्हणाले आता अख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदलावी लागेल, तो आकडा ऐकून मी गाडी घरी आणली आणि पार्किंगमध्ये मीटर घेऊन बसलो. दोष निघाला इंजिनाच्या अर्थच्या वायरीत, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या वायरीत, तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपर, एक बोल्ट आणि वीस मिनिटं, एवढंच काम होतं. जुना ऑक्सिजन सेन्सर मी मागून घेतला होता, तोही परत लावून पाहिला, तो ठणठणीत.

तेव्हापासून जो भेटेल त्याला एकच सांगतो की कोड आला म्हणजे सेन्सर मेला असं नाही. सेन्सर बिचारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो, त्याच्यापर्यंत वीज पोचते का, त्याला अर्थ नीट आहे का आणि त्याचं म्हणणं ईसीयूपर्यंत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत) जातंय का हे आधी बघायचं, आणि हे तिन्ही बघायला महागडं मशीन लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स (धुराचे कडक नियम) लागू झालं आणि छोट्या गाड्यांचा कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच, म्हणजे आता १०० सीसीच्या गाडीलाही पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, ईसीयू आणि पाच-सहा सेन्सर असतात. तरी अजून कितीतरी ठिकाणी काम जुन्याच पद्धतीनं चालतं, हा पार्ट बदलून बघू, तो बदलून बघू. कार्ब्युरेटरच्या काळात ते परवडायचं, जेट म्हणा सुई म्हणा फार महाग नसायचे, आता एकेक सेन्सर हजार-दोन हजाराचा आणि इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाहीत. म्हणून गाडीवाल्यानंच थोडं शिकून घेतलेलं बरं.

काय काय लागतं

डिजिटल मल्टिमीटर, ज्यात डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम आणि बीपवाली कंटिन्युइटी आहे. मिन-मॅक्सचं बटण असेल तर उत्तम. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर मीटर, मगरक्लिपा, बारीक वायर, हीट श्रिंक ट्यूब, कॉन्टॅक्ट क्लीनर सगळं एका चकरेत मिळतं. बल्बवाला टेस्टर मात्र ईसीयूच्या वायरींना लावू नका. बल्ब करंट ओढतो आणि या वायरींत तेवढा करंट अपेक्षितच नसतो, आत काहीतरी जळू शकतं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही म्हणून तो चालतो.

बाकी दोन-तीन बारीक टाचण्या, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी रबरी नळी, किचनचा थर्मामीटर, आणि एक वही. वही विसरू नका, ती मीटरइतकीच कामाची आहे. आणि शक्य असेल तर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, कारण मी खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत, प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात.

मीटरचा जाड प्रोब कप्लरच्या (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाच्या) पिनेत पुढून घुसवू नका, हे अगदी हात जोडून सांगतो. आतली पत्र्याची पिन फाकते, वरून काही दिसत नाही आणि मग कधी कॉन्टॅक्ट होतो कधी होत नाही, म्हणजे नसलेला फॉल्ट आपणच तयार केला. कप्लर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूनं, वायर जिथे आत जाते तिथे रबरी सीलच्या कडेनं टाचणी हळूच सरकवायची, ती पिनेच्या धातूला टेकली की मीटरचा प्रोब टाचणीला लावायचा. दोन टाचण्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढं बघा. काही जण वायरीच्या कव्हरमध्येच टाचणी टोचतात, ते पण नको, त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि सहा महिन्यांनी तांबं आतल्या आत हिरवं होऊन तुटतं.

कप्लर काढायचा-लावायचा तो किल्ली बंद करूनच. आणि काम मोकळ्या हवेत करा, पेट्रोलची नळी सुटली तर बेसमेंट पार्किंगमध्ये वास कोंडतो.

आधी बॅटरी

कोणाला हे पटत नाही पण निम्मी कामं इथेच संपतात. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट पाहिजेत. सेल्फ मारताना बघा, साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिले. गाडी चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा. बॅटरी पडलेली असली की ईसीयू सेल्फच्या वेळी रीसेट होतो, पंप नीट फिरत नाही, आणि नसलेले कोड नोंदवले जातात. सुट्टीत महिनाभर गाडी लावून गावाला गेलेल्यांना हा अनुभव आला असेल. बॅटरी नीट करा, कोड पुसा आणि मगच पुढे जा.

कोड काय म्हणतो

बऱ्याच गाड्यांत स्कॅनर नसला तरी चेक इंजिनची लाइट ब्लिंक होऊन कोड सांगते, काही कंपन्यांत लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटी ब्लिंक म्हणजे एक, मोजायचे आणि मॅन्युअलमध्ये बघायचे. स्कॅनर असेल तर जास्त सोपं, कारण त्यात नुसता कोड नाही तर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) पण दिसतो, आणि खरं सोनं त्या लाइव्ह डेटात आहे.

कोड वाचताना एक शब्द नीट बघा, व्होल्टेज "हाय" आहे की "लो". ईसीयूला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त त्या वायरीवर किती व्होल्ट आहेत एवढंच कळतं. म्हणजे कोड त्या पूर्ण सर्किटबद्दल असतो: सेन्सर, कप्लर, वायर, अर्थ, सगळं मिळून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सेन्सर तीन जातीचे असतात. तापमानाचे सेन्सर स्वतःचा रेझिस्टन्स बदलतात, ते ओहमवर बघता येतात. थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा थ्रॉटल पोझिशन, इंजिनात हवा जाते त्या इनटेकमधला दाब सांगणारा मॅप आणि गाडी पडल्याचं सांगणारा टिल्ट सेन्सर हे ईसीयूकडून ५ व्होल्ट घेतात आणि त्यातला काही भाग परत पाठवतात, ते डीसी व्होल्टवर बघायचे. आणि क्रँकची पिकअप कॉइल (इंजिन फिरतंय हे सांगणारी) आणि ऑक्सिजन सेन्सर हे स्वतःच वीज तयार करतात.

तापमानाचा सेन्सर

इथे जरा थांबतो कारण हा शिकलात की बाकीचे अर्धे आलेच. एअर-कूल्ड गाडीत हा हेडला किंवा ऑइलमध्ये असतो, लिक्विड-कूल्डमध्ये कूलंटमध्ये, आणि हवेचा वेगळा, थ्रॉटल बॉडी किंवा एअर फिल्टरपाशी. सगळे एकाच तत्त्वाचे, गार असताना रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. खूप चालणारा एक प्रकार आहे त्यात २० डिग्रीला साधारण अडीच किलोओहम, ८० डिग्रीला तीनशे-सव्वातीनशे ओहम आणि १०० डिग्रीला दोनशेच्याही खाली.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि स्कॅनरवर इंजिनाचं तापमान आणि हवेचं तापमान दोन्ही बघा. दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत आणि बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजेत. जानेवारीच्या सकाळी पुण्यात बाहेर १२ डिग्री आहे आणि गाडी म्हणते इंजिन ४५ डिग्री, तर कुठेतरी गडबड आहे. अशी गाडी थंडीत सकाळी चालू व्हायला रडते कारण ईसीयूला वाटतं इंजिन गरम आहे आणि तो पेट्रोल कमी देतो. उलटं झालं, म्हणजे तापलेलं इंजिन गार दाखवत असेल, तर पेट्रोलचा वास, काळा प्लग, ॲव्हरेज घसरलेलं आणि गरम गाडी बंद करून लगेच चालू करायला गेलं की दमवते.

दुसरी तपासणी वायरिंगची. किल्ली बंद, सेन्सरचा कप्लर काढा, किल्ली ऑन. गाडीकडून येणाऱ्या कप्लरच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. स्कॅनरवर याच वेळी तापमान उणे ३०-४० वगैरे दिसेल, कारण वायर तुटलेली म्हणजे ईसीयूच्या लेखी प्रचंड थंडी. आता किल्ली बंद करून त्या दोन पिना एका वायरीच्या तुकड्यानं जोडा आणि परत किल्ली ऑन, स्कॅनरवर आकडा एकदम वर, १२०-१३० च्याही पुढे गेला पाहिजे. दोन्ही टोकं अशी नीट दिसली तर ईसीयू चांगला, वायरिंग चांगलं, आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. आणि आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणून काहीही उपयोग नाही, वायर शोधा. तपासणी झाली की तो तुकडा काढा आणि कोड पुसा, कारण या खेळात नवीन कोड पडलेले असतात.

पण ही जोडायची युक्ती फक्त दोन वायरीच्या तापमान सेन्सरलाच. तीन वायरीच्या सेन्सरमध्ये चुकून ५ व्होल्ट आणि अर्थ एकत्र केलेत तर सगळ्या सेन्सरचा सप्लाय एकदम बसतो आणि ईसीयूलाही धोका. हे वाचून विसरू नका.

तिसरी, सेन्सर काढून गरम पाण्यात. चहाच्या पातेल्यात पाणी, सेन्सरचं फक्त धातूचं टोक बुडेल असं दोऱ्यानं लटकवा, भांड्याला टेकू देऊ नका, मीटर ओहमवर, थर्मामीटर शेजारी, आणि दर १० डिग्रीला वहीत आकडा. पुण्यात पाणी १०० ला नाही तर साधारण ९८ डिग्रीला उकळतं, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत म्हणून, तेव्हा थर्मामीटरला दोष देऊ नका. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा ओपन (आतून तुटल्यासारखं) दाखवलं तर सेन्सर गेला, मग बदला. (पातेलं परत चहाला वापरू नका, त्यावर ऑइल असतं.)

थ्रॉटल पोझिशन सेन्सर

तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. मागून टाचण्या लावून आधी पहिल्या दोन बघा. सप्लाय ४.८ ते ५.२ च्या दरम्यान आहे ना? अर्थच्या वायरीत आणि बॅटरीच्या मायनसमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक आहे ना? या दोन गोष्टी ठीक नसतील तर सिग्नल बघून काहीच उपयोग नाही.

सिग्नल थ्रॉटल पूर्ण बंद असताना बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास असतो. आता ॲक्सिलरेटर अगदी सावकाश फिरवा, दहा सेकंद लावून, आणि आकडा एकसारखा चढतोय का बघा. मिन-मॅक्स असेल तर ते लावा, मध्येच क्षणभर शून्यावर आला तर पकडला जाईल. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक काटा घासत जातो, आणि ती पट्टी कुठे झिजते, तर जिथे आपण सर्वात जास्त वेळ थ्रॉटल धरून असतो तिथे. कर्वे रोडच्या किंवा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल सगळा वेळ जेमतेम उघडलेला असतो, त्यामुळे पहिला पाव भाग दोन-तीनदा नीट फिरवून बघा, गाडी २५-३० ला झटके देत असेल तर उत्तर तिथेच मिळतं. काही नव्या सेन्सरमध्ये घासणारं काही नसतं, ते चुंबकावर चालतात, तिथे हा प्रश्न नाही पण तपासायची पद्धत हीच.

सेन्सरचे स्क्रू आणि थ्रॉटलचा रंग लावलेला स्टॉप स्क्रू, यांना हात लावू नका. ती सेटिंग फॅक्टरीत झालेली असते. आयडलिंग वाढवायला म्हणून तो स्क्रू फिरवला की थ्रॉटल बंद असल्याचं ईसीयूला कळतच नाही आणि आयडलिंगचा पुढचा सगळा हिशोब बिघडतो. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर मॅन्युअलमधली रीसेटची पद्धत करा.

मॅप सेन्सर

इनटेकमधला दाब मोजणारा. याचा सगळ्यात सुंदर भाग असा की इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो, म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारता येतो. किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर दाब बघा. पुण्यात ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास आला पाहिजे. मुंबईत हाच १०० च्या वर असतो, आणि गाडी घेऊन सिंहगडावर गेलात तर साधारण ८६-८७. मित्राचा सेन्सर इथे पुण्यात १०३ दाखवत होता, कोड नाही लाइट नाही, फक्त ॲव्हरेज गेलेलं आणि प्लग काळा, कारण ईसीयूला वाटत होतं हवा भरपूर आहे. असा फॉल्ट कोडमध्ये येत नाही, तो फक्त स्वतःला आकडा माहीत असला तरच सापडतो.

स्कॅनर नसेल तर मीटर. सप्लाय आणि अर्थ वरच्यासारखेच तपासा, मग सिग्नलवर मीटर ठेवून सेन्सरच्या नळीला सिरिंज लावा आणि हळू ओढा. व्होल्ट उतरले पाहिजेत, ओढून धरलं की तिथेच थांबले पाहिजेत आणि सोडलं की बरोबर पहिल्या आकड्यावर परत आले पाहिजेत. धरलेलं असताना आकडा हळूहळू चढायला लागला तर आधी नळीची गळती बघा. काही गाड्यांत मॅप, हवेचं तापमान आणि थ्रॉटल तिन्ही एकाच डब्यात थ्रॉटल बॉडीवर बसवलेले असतात, तिथे नळी नसते, मग स्कॅनरचा आकडा आणि सप्लाय-अर्थ यावरच भागवायचं.

इंजिन चालू केल्यावर आयडलिंगला आकडा नाचतो, घाबरू नका. सिंगल सिलिंडर आहे, दर इनटेकला दाब खाली जातो आणि परत वर येतो.

क्रँक सेन्सर किंवा पिकअप कॉइल

हा गेला तर स्पार्क पण नाही आणि इंजेक्शन पण नाही. ओळख सोपी आहे, सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहतो. त्रासदायक प्रकार म्हणजे गाडी गार असताना उत्तम, अर्ध्या तासानं सिग्नलला उभी असताना फट्कन बंद, आणि पंधरा मिनिटांनी काहीच झालं नाही अशी परत चालू. तापल्यावर कॉइलची आतली तार सुटते आणि गार झाली की जुळते.

दोन वायरीची कॉइल असेल तर कप्लर काढून ओहम मोजा, बहुतेक ठिकाणी शंभर ते काही शे ओहम, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. मग हेअर ड्रायरनं इंजिनाच्या त्या कव्हरला तापवा, किंवा गाडी फिरवून आणून लगेच मोजा. थोडा वाढणं साहजिक आहे, पण ओपन झाला तर कॉइल गेली. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, थोडे का होईना व्होल्ट आले पाहिजेत. साध्या मीटरवर तो आकडा कमीच दिसतो कारण पल्स फार छोटा असतो, पण अजिबात शून्य असेल तर कॉइल, तिच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा किंवा टोकातलं अंतर बघा.

आवाज न करता चालू होणाऱ्या स्कूटर, ज्यात स्टार्टर आणि मॅग्नेट एकच असतं, त्यांच्यात आत हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारे) असू शकतात. त्यांना ओहम लावून काही कळत नाही, उगाच प्रयत्न करू नका, सप्लाय आणि सिग्नलच बघा.

ऑक्सिजन सेन्सर

सगळ्यात जास्त फुकट बदलला जाणारा सेन्सर. छोट्या गाड्यांतला नेहमीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, ०.४५ च्या आसपास मध्य, वर गेला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), खाली गेला तर लीन (पेट्रोल कमी). तो तापल्याशिवाय बोलत नाही, सुमारे ३०० डिग्रीच्या पुढेच काम करतो, म्हणून गाडी चांगली पाच-दहा मिनिटं चालवून आणा आणि मगच मोजा. सायलेन्सरपासून वायर लांब ठेवा.

गरम गाडी, रेस साधारण तीन हजारला धरून, मीटर डीसी व्होल्टवर. आकडा सारखा खालीवर झाला पाहिजे. ॲक्सिलरेटर एकदम पिळला की क्षणभर ०.८ च्या वर, सोडला की ०.२ च्या खाली. एवढं झालं तर सेन्सर जिवंत आहे. सिग्नलच्या वायरीवर ओहमचं माप कधीही घेऊ नका, मीटर ओहमवर स्वतःचा करंट सोडतो आणि सेन्सर खराब होऊ शकतो. हीटरवाला सेन्सर असेल तर हीटरच्या दोन वायरी, बऱ्याचदा एकाच रंगाच्या असतात, त्यांच्यात मात्र ओहम मोजता येतो, काही ओहम ते दहा-पंधरा ओहम. ओपन असेल तर हीटर गेला, पण आधी फ्यूज बघा.

सतत लीन दाखवत असेल तर सेन्सरला शिक्षा करायच्या आधी सायलेन्सरचा गॅस्केट बघा. सेन्सरच्या आधी कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर इमानदारीनं ऑक्सिजन जास्त आहे असं सांगतो. इनटेकचा रबर तडकला असेल तरी तसंच. आणि पेट्रोल, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, नुसत्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते, त्यामुळे ईसीयूला पेट्रोल वाढवावं लागतं आणि इंजेक्टर अर्धवट चोकअप असेल तर त्याची वाढवायची मर्यादा संपून लीनचा कोड येतो. तिथे चूक सेन्सरची नाही.

टिल्ट सेन्सर

गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा. पावसात गाडी घसरली, उचलली, आणि चालूच होत नाही, तर आधी किल्ली बंद करून परत ऑन करा, बऱ्याच गाड्यांना एवढंच लागतं. तपासायचा असेल तर कप्लर न काढता सेन्सर फ्रेमवरून सोडवा, सिग्नलवर मीटर, सरळ धरा, मग साधारण ७० डिग्री कलता करा, व्होल्ट एकदम बदलले पाहिजेत. परत बसवताना त्यावरचा बाण किंवा "अप" वरच पाहिजे, कोणीतरी उलटा बसवलेला मी स्वतः पाहिलाय.

अर्थ, आणि माझा कात्रजचा फॉल्ट

आता जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. कंटिन्युइटीचा बीप वाजला म्हणजे अर्थ चांगला असं समजू नका. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. अर्थ तपासायचा तो करंट वाहत असताना, व्होल्टवर. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या थेट खांबाला, क्लिपला नाही, खांबाला. लाल प्रोब इंजिनाच्या स्वच्छ धातूला. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापेक्षा जास्त म्हणजे मध्ये कुठेतरी अडथळा. मग गाडी चालू, हेडलाइट लागलेला, ब्रेक दाबलेला, आणि परत तेच माप इंजिनावर, फ्रेमवर आणि सेन्सरच्या अर्थवर, तिथे ०.१ च्या आत.

माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर एका वायरीचा आहे, म्हणजे त्याची दुसरी वायर म्हणजे इंजिनच. अर्थचं थिंबल गंजल्यामुळे इंजिन बॅटरीच्या मायनसपेक्षा ०.३ व्होल्ट वर बसलं होतं. आता विचार करा, ज्याचा सगळा खेळ ०.१ ते ०.९ मध्ये आहे त्यात ०.३ उगाच मिसळले. सेन्सर म्हणायचा लीन, ईसीयूला ऐकू यायचं रिच, मग तो पेट्रोल आणखी कमी करायचा, आणि घाटात जेव्हा खरी गरज तेव्हाच गाडी उपाशी. इंजिन तापून हादरे वाढले की जोड आणखी ढिला, पाऊस आला की आणखी वाईट. नवा सेन्सर लावून यात काय फरक पडणार होता? चार दिवसांचा फरक पडला तो उन्हामुळे, थिंबल वाळलं होतं म्हणून.

थिंबल काढून दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर मारला, फ्रेमवरचा रंग तेवढ्या गोलात खरवडला, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. ०.३ चे ०.०३ झाले.

अर्थ ठीक असूनही फॉल्ट येतो-जातो असा असेल तर हलवून बघा. गाडी आयडलिंगला ठेवा, स्कॅनरवर किंवा मीटरवर लक्ष, आणि दुसऱ्या हातानं वायरिंग एकेका ठिकाणी हलवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, कारण हँडलखाली वायर रोज हजार वेळा वाकते. सीटखाली जिथे वायरिंग फ्रेमला घासतं तिथे. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर एअर फिल्टरच्या मागे हात घालून बघा, कुरतडलेली वायर बोटाला लागते. जोडताना नुसती पिळून टेप मारू नका, सोल्डर करा आणि हीट श्रिंक घाला, टेप पावसाळ्यात सुटते.

एवढं सगळं करून सेन्सरच खराब निघाला तर निर्धास्त बदला. नाना पेठेत जाताना जुना सेन्सर बरोबर न्या, त्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, सारखा दिसतो म्हणून घेऊ नका, तापमानाचे सेन्सर बाहेरून जुळे भाऊ असतात आणि आतला रेझिस्टन्स वेगळा असतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेनं नवा सेन्सर खराब होतो. कप्लर टक् आवाज येईपर्यंत बसवा, कोड पुसा, आणि गाडी जिथे त्रास द्यायची तिथेच नेऊन बघा.

आणि गाडी चांगली चालत असताना एका रविवारी हे सगळे आकडे घेऊन ठेवा. माझ्या वहीत आत्ता आहेत: थ्रॉटल बंद ०.५२, पूर्ण उघडा ४.१, मॅप ९५, २६ डिग्रीला इंजिन सेन्सर १.९ किलोओहम, अर्थ ०.०३. वही डिकीत पीयूसीच्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असते.